व्याह्यांची परतभेट

जगात मंडप नावाची गोष्ट निघालीच नसती, तर आमच्या व्याह्यांना डोळे कशासाठी दिले हे देवालाही सांगता आलं नसतं. माणसं लग्नात नवरीकडे बघतात, कीर्तनात बुवांकडे बघतात, तेराव्याला हार घातलेल्या फोटोकडे बघतात. आमचे व्याही या सगळ्या ठिकाणी वर बघतात. खांब ओळंब्यात आहे का, गाठ कुणी मारली, झालर कुठं लोंबते आहे, हे सगळं पाहून वेळ उरला तरच ते नजर खाली आणून नवरी, बुवा किंवा कैलासवासी यांची दखल घेतात. हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाडीत त्यांचं घर आहे आणि घराला लागून मंडपाच्या सामानाचं गोदाम. खरं म्हणजे गोदामाला लागून घर, असं म्हणायला हवं. गोदामाला पत्रा नवा आहे, घरावरची कौलं जुनी आहेत, आणि पावसात घरात गळायला लागलं की घरातली माणसं गोदामात जाऊन बसतात.

मुलीचं लग्न आम्ही पालीला, आमच्या गावी केलं. मंडप साहजिकच आमच्याकडच्या माणसाचा होता. वरपिता फेटा बांधून, अत्तर लावून, सोनेरी मोजड्या घालून दारात उतरले, आणि आम्ही ओवाळायच्या आत त्यांनी पहिल्या खांबाला खांदा लावून पाहिला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सगळे वधूवरांकडे बघत होते. हे एकटे छताकडे. दुसरं कडवं संपेपर्यंत त्यांना राहवलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कोपऱ्यातली एक गाठ सोडून नव्यानं बांधायला लागले. आजही आमच्या अल्बममध्ये मुलीच्या डोक्यामागे, अंतरपाटाच्या थोडं वर, सोनेरी मोजड्या घातलेले दोन पाय आहेत. मी नंतर हळूच विषय काढला, तर मलाच म्हणाले, "व्याही, भटजी घसा फोडून सांगतायत सावधान, सावधान. इतक्या माणसांत कुणीतरी सावध हाय का न्हाय?"

त्यांच्याकडे भोंग्यांना तोटा नाही. गोदामात सामान लावताना चहाची तलफ आली की ते माइक हातात घेत आणि "हॅलो, चहा. हॅलो, चहा. साखर कमी," असं जाहीर करत. आळीतल्या बायका त्या घोषणेवर आपापलं आधण ठेवायच्या. विहीणबाई मात्र काही न बोलता कप घेऊन यायच्या. एकूणच विहीणबाईंचं बोलणं कमी. त्यांचा स्वभाव अबोल होता असं मात्र मला कधी वाटलं नाही. त्यांना वाक्य पुरं करायला मिळत नसे, एवढंच. त्यांनी "काल ना, बाजारात" एवढं म्हणावं, आणि पुढचं व्याह्यांनी सांगावं. व्याही बाजारात गेलेलेही नसत. पण सुरू झालेली कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या हातात ठेवणं त्यांना जमायचं नाही. विहीणबाई मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत बसायच्या, आणि बाजारात काल काय झालं ते त्यांनाही तेव्हाच कळायचं.

अशा माणसानं एक दिवस मला फोन करून सांगितलं, "व्याही, बॅग भरायला घ्या. पोर्तुगालचं आमंत्रण आलंय."

झालं होतं असं. रेवदंड्याच्या किल्ल्याचे पडके अवशेष बघायला एक पोर्तुगीज बाई आली होती. वयस्कर होती, अभ्यासक होती, आणि वैशाखाच्या उन्हात टोपी घालून भिंती मोजत होती. व्याह्यांना ऊन लागणारा माणूस बघवत नाही. त्यांनी गोदामातून एक छत्रीवजा छत आणलं, बाईंच्या डोक्यावर उभं केलं, खुर्ची ठेवली, शहाळं फोडलं आणि दुपारी घरी नेऊन कोलंबीचं खिचडं खायला घातलं. निघताना बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, आता तुम्ही लिस्बनला या. असं ती गावोगाव म्हणत असणार. आपण नाही का, "या एकदा घरी" म्हणतो आणि पत्ता न देता रिक्षात बसतो? पण व्याह्यांच्या हिशेबी 'या' म्हणजे या.

शिवाय त्यांचं एक तत्त्व होतं. कुणी आपल्या घरी येऊन गेलं की आपण परतभेट द्यायची. "पोर्तुगीज आपल्याकडं आले, दोनशे वर्षं मुक्काम केला, पाव शिकवला, बटाटा दिला. आपल्यातला एक माणूस गेला का त्यांच्याकडं? बरं दिसतं का हे?" एकदा हा विचार डोक्यात शिरल्यावर त्यांनी आणखी थकबाकी शोधून काढली. डच याच किनाऱ्यावरून व्यापार करत गेले, म्हणजे ॲमस्टरडॅम आलं. त्याच्याही फार पूर्वी शेजारच्या चौल बंदरात रोमचा माल उतरायचा, म्हणून रोम आलं. मी विचारलं, "आणि इंग्रज?" ते म्हणाले, "त्यांच्याकडं जायचं तर निराळा व्हिसा लागतो. दोनदा परवानगी मागून ज्यांच्याकडं जायचं, ते कसले पाहुणे?"

एकट्यानं जाणं त्यांना मंजूर नव्हतं. आमंत्रणाला वऱ्हाड घेऊन जातात. त्यांनी पंधरा-सोळा माणसं जमवली. त्यात आम्ही नवरा-बायको, एक निवृत्त तलाठी, काही वाडीवाले आणि कोळीवाड्यातली हिराबाय होती. हिराबाय थेरोंड्याच्या बाजारात मासळी विकते. तिनं येण्याचं कारण सरळ सांगितलं, "मना तिथली मासली बघायचीय. आनि ती इकतानी बायका वरडतात का, त्या पन बघायचाय." मुंबईच्या एका प्रवास कंपनीनं तिकिटं, हॉटेलं आणि वाटाडे पुरवायचे आणि बाकीचं व्याही बघणार, असं ठरलं. कंपनीचा तरुण माणूस गोदामात आला, तेव्हा व्याह्यांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "कोलोझियमात खुर्च्या हायत, की आपण न्यायच्या?" तो बिचारा हसला. त्याला वाटलं हा विनोद आहे. पुढं महिनाभर त्याला रोज फोन गेले, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

प्रवासाआधी सराव हवा म्हणून व्याह्यांनी आम्हा सगळ्यांना अलिबागला कुलाबा किल्ल्यावर नेलं. ओहोटीला तिथं समुद्रातून चालत जाता येतं. युरोपातले वाटाडे हातात झेंडा घेऊन पुढं चालतात असं त्यांना कळलं होतं. त्यांनी लग्नातली झिरमिळ्यांची काठी घेतली. किल्ल्यात पोचल्यावर ते गणपतीच्या देवळासमोर उभे राहिले आणि हातातल्या भोंग्यातून आम्हाला रोमचा इतिहास सांगायला लागले. समोर पाणी चढताना सगळ्यांना दिसत होतं, पण त्या भाषणात शिरायला फट नव्हती. तलाठ्यांनी दोनदा हात वर केला, व्याही म्हणाले, "प्रश्न शेवटी." रोमचं साम्राज्य कोसळलं तेव्हा आमची वाट कमरेएवढ्या पाण्याखाली गेली होती. पुढची ओहोटी येईपर्यंत आम्ही किल्ल्यातच अडकलो. व्याही जराही खजील झाले नाहीत. उलट त्यांनी तेवढ्या वेळात आम्हाला काट्याचमच्यानं खायला शिकवलं. हिराबायनं तळलेला बांगडा काट्यानं एकदा टोचून पाहिला आणि काटा देवळाच्या पायरीवर ठेवून दिला. "माशात काय काटं कमी हान," ती म्हणाली.

व्हिसाच्या अर्जांसाठी सगळे मिळून मुंबईला गेलो. बोटांचे ठसे दिले, फोटो काढले. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. व्याह्यांना मात्र टूरचे पुढारी म्हणून मुलाखतीला आत बोलावलं. ते बाहेर आले ते लग्न पार पाडल्यासारखे प्रसन्न होऊन. मी विचारलं, "काय विचारलं?"

"विचारलं, कशाला चाललात. मी सांगितलं, परतभेट."

"मग?"

"मग विचारलं, किती दिवस राहणार. मी म्हटलं, घाबरू नका. तुम्ही आमच्याकडं राहिलात तेवढं न्हाय राहणार."

कंपनीच्या माणसानं तिथंच भिंतीला पाठ टेकली. व्याह्यांना त्याची तब्येत बिघडली असं वाटलं. त्यांनी त्याला लिंबूपाणी पाजलं.

पासपोर्ट परत आले त्या दिवशी आम्ही सगळे गोदामात जमलो होतो. व्याहीच पाकिटं फोडत होते आणि एकेकाचं नाव पुकारून पासपोर्ट हातात देत होते, बक्षीस समारंभातल्यासारखे. सगळ्यांच्या पासपोर्टात व्हिसा होता. शेवटचं पाकीट त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. आतून एक कागद निघाला. तो इंग्रजीत होता म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला. प्रवासाच्या हेतूबद्दल आणि मायदेशी परत येण्याच्या इराद्याबद्दल शंका असल्यानं व्हिसा नाकारण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. हा माणूस आमच्याकडे सुनेच्या डोहाळजेवणाला आला होता, तेव्हा गोदामाला कुलूप नीट लागलंय का या काळजीनं मुक्काम न करता परत गेला होता. आणि तो लिस्बनला जाऊन परत येणार नाही, अशी कुणालातरी शंका आली होती.

तलाठी म्हणाले, "आपण सगळेच रद्द करू." व्याही कागदाची घडी घालत होते. ती घडी त्यांनी नखानं नीट बसवली. मग म्हणाले, "असं कसं? मंडप घालणारा कधी पहिल्या पंगतीला बसतो का? तुम्ही जेवून या."

"मी न्हाय जायची," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं एवढं पुरं वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

"तू न्हाय गेलीस तर आपल्या घरचं कोण तिथं? परतभेटीला घरचं माणूस लागतं. व्याह्यांवर सोडून कसं चालेल?"

त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलीनं मला फोनवर सांगितलं, की सासूबाई ट्रंकेतून लोकरीचा स्वेटर काढून उन्हात टाकतायत आणि सासरे त्यांना फोनवर व्हिडिओ कसा लावायचा ते शिकवतायत.

विमानतळावर व्याही काचेच्या दारापर्यंत आले. झिरमिळ्यांची काठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उंच धरा. तुमची उंची कमी हाय." आम्ही आत गेलो. रांगेतून मागं पाहिलं तेव्हा ते दाराबाहेर मान वर करून विमानतळाचं छत बघत होते.

खरं सांगायचं तर टूर त्यांनीच चालवली, रेवदंड्याहून. विहीणबाईंच्या हातात फोन असायचा आणि फोनमध्ये व्याही. कोलोझियमसमोर आमची इटालियन वाटाडी इंग्रजीत सांगत होती, कंपनीनं सोबत दिलेली मुलगी तेच मराठीत सांगत होती, आणि फोनमधून आवाज आला, "इतकं जुनं हाय तर वरती ताडपत्री का न्हाय टाकली?" त्या मुलीनं संकोचून ते इंग्रजीत विचारलं. वाटाडीचे डोळे चमकले. ती म्हणाली, पूर्वी टाकत होते. प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून वर मोठमोठी शिडाची कापडं ओढत, आणि ते काम करायला खास खलाशी आणत. हे भाषांतर फोनमध्ये पोचलं. मग व्याह्यांचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. "म्हणजे आपलाच धंदा होता," ते म्हणाले. "व्याही, दोर कुठं बांधायचे ते विचारा." त्या बाईनं आम्हाला वरच्या कडेची भोकं दाखवली. पुढचा सगळा वेळ फोन त्या भोकांकडे धरून विहीणबाईंचा हात दुखला. सम्राट, सिंह आणि मल्ल यांच्याकडे आमच्या ग्रुपनं ढुंकूनही पाहिलं नाही.

ॲमस्टरडॅमला कालव्याकाठची जुनी घरं पुढं कललेली आहेत. व्याह्यांनी ती पाहून आम्हाला रस्त्याच्या पलीकडून चालायला लावलं. तिथल्या मासळीच्या दुकानात हिराबाय बराच वेळ उभी राहिली. काचेमागं बर्फावर मासे मांडलेले, प्रत्येकावर भावाची चिठ्ठी, आणि विकणारा माणूस हातमोजे घालून गप्प. "भांडन न्हाय, काय न्हाय," ती हळहळून म्हणाली. "यानला मासली इकायला करमतं कसं?"

लिस्बनच्या आदल्या दिवशी व्याह्यांनी बजावलं होतं, की लिस्बनला फोन एक क्षणही बंद ठेवायचा नाही. सकाळपासून तो चालू होता. त्या पोर्तुगीज बाईंचा पत्ता नव्हताच. त्यामुळे परतभेट संपूर्ण शहरालाच द्यायची होती. आम्ही चढणीच्या गल्ल्या चढलो, निळ्या फरशांच्या भिंती पाहिल्या, पावाच्या दुकानात पाव खाल्ला आणि व्याह्यांनी फोनमधून त्याच्या भाजणीला नावं ठेवली. संध्याकाळी नदीकाठच्या मोठ्या चौकात आलो. तिथं दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पूर्वी जहाजं सुटायची ती याच नदीतून, आणि त्यातलीच काही आमच्या किनाऱ्याला लागली, असं वाटाड्यानं सांगितलं.

विहीणबाईंनी फोनचं बटण दाबलं आणि तो पर्समध्ये टाकला. मग चपला काढल्या, लुगडं थोडं आवरून घेतलं आणि खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. लाट येऊन त्यांचे पाय भिजवत होती. थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

"व्याही, ही फोन उचलत न्हाय. बरी हाय ना?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनीही मागं वळून पाहिलं. कुणाचा फोन आहे ते त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा वेळ मला एकटीला बघू द्या. मग मीच त्यांना सगळं सांगेन."

"बऱ्या आहेत," मी फोनमध्ये म्हटलं. "इथं रेंज नाहीये."

"नदीवर वारा हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग स्वेटर घालायला सांगा," ते म्हणाले, आणि प्रथमच आपणहून फोन ठेवला.

परत आल्यावर काही दिवसांनी मी रेवदंड्याला गेलो. संध्याकाळची वेळ होती. ओटीवर व्याही बसले होते आणि समोर विहीणबाई लिस्बन सांगत होत्या. मुलीनं मला आधीच सांगितलं होतं, की रोज एक-एक शहर चालू असतं आणि सासरे मध्ये बोलत नाहीत. ते मला खरं वाटलं नव्हतं. पण व्याही गप्प होते. मी पुन्हा अर्ज करायचं सुचवलं, तर म्हणाले, "बघू, पाऊस सरल्यावर," आणि हातानं मला थांबायची खूण केली.

"तर त्या नदीकाठच्या चौकात लग्न होतं," विहीणबाई म्हणाल्या. "केवढा मंडप घातलेला. पांढरं कापड, फुलं, सगळं झकपक. आणि वारा सुटला. बघता बघता एक बाजू खालीच आली. नवरी ओरडली, माणसं धावली, कुणाला काही सुचेना. तिथं मंडपवाला म्हणून जो होता तो नुसता डोक्याला हात लावून उभा. मी वहिनींना म्हटलं," वहिनी म्हणजे माझी बायको, "आमचे हे इथं असते, तर हे असं झालं नसतं."

मी त्या चौकात होतो. त्या संध्याकाळी तिथं लग्न नव्हतं, मंडप नव्हता, नवरी नव्हती. कबुतरं होती, एक म्हातारा पेटीसारखं वाद्य वाजवत होता, आणि पायऱ्यांवर विहीणबाई पाय भिजवत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या अंगणातल्या वाळत घातलेल्या सुपाऱ्यांकडे बघत होत्या.

व्याही पुढं सरकून बसले होते. "पाया खोल घेतला नसणार," ते हलकेच म्हणाले. "नदीचा वारा म्हणजे खेळ न्हाय. तिथं दोर दुहेरी पायजे. आमंत्रण दिलं होतं त्यांनी. मी गेलो असतो तर निदान सांगितलं तरी असतं." मग माझ्याकडे वळले. "व्याही, तुम्ही पण बघितलंत ना ते?"

"बघितलं," मी म्हटलं. "डावीकडचा खांब आधी गेला."

त्यांनी मान हलवली. "डावीकडचाच जाणार," ते म्हणाले, आणि डोळे मिटून मागं टेकले. विहीणबाई दिवा लावायला आत गेल्या. अंधारत आलेल्या ओटीवर आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मांडीवर त्यांची बोटं हळूहळू हलत होती, गाठ मारताना हलतात तशी.